घालव, मी लावतूय

संध्याकाळचा सूर्य माझ्या मामेसासऱ्यांना विचारून मावळतो, असं त्यांच्या वाडीत कुणी सांगितलं तर माझा लगेच विश्वास बसेल. मी फार तर एवढंच विचारीन, की परवानगी देण्याआधी मामांनी त्याला किती वेळ ताटकळत ठेवलं. हे गृहस्थ म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण निवृत्त झाल्यावर माणसाने नक्की काय करायचं असतं हे त्यांना कुणी समजावून सांगितलेलं दिसत नाही. फौजेत शत्रू निदान समोरच्या बाजूला असतो. गावी आल्यावर मामांना तो चारी बाजूंनी मिळाला: अंधार, पालापाचोळा, खेकडे, ग्रामपंचायत, विजेचं बोर्ड आणि सणासुदीला मामी. या सगळ्यांशी ते एकाच वेळी आणि एकाच आवाजात लढतात. आवाज असा, की ते घरात मामीकडे चहा मागतात तेव्हा पलीकडच्या डोंगरावर गवत कापणारी बाई "काय म्हंता?" म्हणून उलट विचारते.

उंब्रजला हायवे सोडून पाटणच्या अंगाने आत गेलं, की रस्ता आधी बारीक होतो, मग वाकडा होतो आणि एका वडापाशी चक्क संपतो. तिथून चढण चढलं की मामांची वाडी. पलीकडच्या खोऱ्यात भलंमोठं धरण आहे. त्याच्या विजेवर कुठली कुठली शहरं झगमगतात, पण हे सगळं पाणी ज्या डोंगरांतून येतं तिथल्या या वाडीला परवापरवापर्यंत विजेचा एक खांब मिळाला नव्हता. "पाऊस आमच्या डोक्यावर, लाईट दुसऱ्याच्या घरात! ह्यो कुठला न्याय?" हे मामांचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ते सुरू करण्यासाठी श्वास घेतात तेव्हाच मला कळतं. फौजेत असताना पहाडातल्या एका खेड्यात त्यांनी ओढ्याच्या पाण्यावर फिरणारं चक्र आणि त्यावर लागलेले दिवे पाहिले होते. गावी आल्याबरोबर ते पुण्याच्या एका संस्थेच्या असे मागे लागले, की संस्थेने सुटका करून घेण्यासाठी यंत्र दिलं असावं. वाडीने खांद्यावरून पाइप वाहिले. वरच्या अंगाला ओढ्यावर छोटा बांध, तिथून उतारावरून खाली आलेला पाइप, पाइपाच्या तोंडाशी पत्र्याच्या खोलीत गरगर फिरणारं चक्र, त्याला जोडलेलं जनित्र आणि तिथून घराघरांत गेलेल्या तारा. धूर नाही, डिझेल नाही, कुणाच्या हातापाया पडणं नाही. मामा त्याला 'मशीन' म्हणतात. मामी 'माझी सवत' म्हणते. "भर पावसात तिच्यावर ताडपत्री धरून उभं ऱ्हात्यात," असं ती मला एकदा म्हणाली, "माझ्यावर कवा छत्री तरी धरली का ईचारा."

मी मूळचा आटपाडीकडचा, म्हणजे सांगली जिल्ह्याच्या त्या टोकाचा, जिथे ढगसुद्धा वाट चुकले तरच येतात. आमच्या आजोबांनी उभा जन्म मेंढरांमागे पाणी हुडकत काढला. त्यामुळे मी मुलगी बघायला गेलो तेव्हा मामांनी शिक्षण, नोकरी, व्यसन यातलं काहीही न विचारता जे विचारलं त्याने मी गारच झालो. "पाव्हणं, तुमच्या घरातल्या दिव्याचं पाणी कुठलं?" मी खरं ते सांगितलं. म्हटलं, "मामा, आमच्याकडं प्यायच्या पाण्याचा पत्ता नसतो, दिव्याला कुठनं आणू? आमची लाईट तारेतनं येती." मामा माझ्या होणाऱ्या सासऱ्यांकडे वळले. "पोरगं सरळ हाय. फशीवनार न्हाई. देऊन टाका." अशा रीतीने माझ्या लग्नाला माझं अज्ञान कामी आलं. हा प्रश्न ते कुणालाही विचारतात. अलीकडे डोळ्याच्या ऑपरेशनसाठी साताऱ्याला आमच्याकडे आले होते, तेव्हा तपासणीच्या खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "सायेब, ह्या दिव्याचं पाणी कुठलं?" डॉक्टरांनी नर्सकडे बघितलं, नर्सने माझ्याकडे आणि मी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे. त्या मुक्कामात मामांना झोप लागेना. मशीनच्या घूं आवाजाशिवाय डोळा मिटायची सवयच राहिली नव्हती. शेवटी मी माळ्यावरचा खडखडणारा जुना टेबलफॅन काढून उशाशी लावला, तेव्हा कुठे मामा घोरायला लागले आणि आम्ही सगळे जागे राहिलो.

वाडीला मात्र मामांनी एक असं वळण लावलं, जे मी दुसऱ्या कुठल्याही गावात पाहिलेलं नाही. त्या मशीनची सुरुवातीला एक खोड होती. पाण्याचा जोर ठरलेला, म्हणून वीजही ठरलेली, आणि ती सगळीच्या सगळी वाडीने वापरलीच पाहिजे. चार घरांनी दिवे घालवले की त्यांच्या वाटची वीज उरलेल्या घरांत घुसायची, तिथले बल्ब पांढरेफटक पेटायचे आणि फटाफट उडायचे. मग मामांनी हुकूम काढला, की दिवा घालवायच्या आधी शेजारच्या घराला हाक मारायची. "घालवतूय रंऽ!" शेजाऱ्याने आपल्याकडचा जास्तीचा बल्ब लावायचा आणि ओरडायचं, "घालव, मी लावतूय!" उत्तर आल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. अशी हाक घराघरांतून खाली येत येत सगळ्यात शेवटी मामांच्या सोप्यात यायची. सोपा म्हणजे त्यांच्या घराची पुढची पडवी. तिथे मामांनी बल्बांची माळच लावून ठेवली होती. सगळी वाडी निजली की ते त्या लखलखाटात लग्नघराच्या धन्यासारखे एकटेच बसायचे आणि मग खाली जाऊन पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवायचे. वाडीत दोन सख्खे भाऊ होते, त्यांचं शेताच्या बांधावरून बोलणं बंद होतं. पण घरं शेजारी, त्यामुळे 'घालवतूय' आणि 'घालव' एवढं रोज बोलावंच लागायचं. पुढे त्याच्याच मागोमाग एक दिवस 'जेवलास का' निघालं. बांधाचा वाद अजून तसाच आहे, पण आता ते भांडतात तेसुद्धा जेवण झाल्यावर.

पुढे संस्थेने एक पेटी बसवली आणि देवळामागे मोठी लोखंडी टाकी ठेवली. वाडी जेवढी वीज वापरणार नाही तेवढी आपोआप या टाकीतल्या कॉइलकडे जायची आणि पाणी तापायचं. बल्ब उडायचे थांबले, मशीन रात्रंदिवस चालू राहू लागलं, मामांच्या माळेचा एकच बल्ब उरला आणि तोही कधी विझेनासा झाला. शिवाय वाडीला आंघोळीचं गरम पाणी फुकट मिळू लागलं. हाकेची आता काहीच गरज नव्हती. पण सवय ती सवय, हाका चालूच राहिल्या. मामांना त्या गरम पाण्याचं विशेष कौतुक नव्हतं. त्यांच्या लेखी तो विजेचा खरकटा भाग. त्यांचं सगळं लक्ष दिव्यावर आणि दिव्याच्या शत्रूंवर. गणपतीत ऐन आरतीच्या वेळी वाडीत अंधार झाला, तर मामा ताम्हन दुसऱ्याच्या हातात देऊन पळाले आणि थोड्या वेळाने पाइपाच्या तोंडात अडकलेला भलामोठा खेकडा घेऊन परत आले. "ह्यो बघा गुन्हेगार!" म्हणून त्यांनी तो देवासमोर धरला. आरती पुरी झाली आणि विसर्जन झाल्यावर गुन्हेगाराच्या भाऊबंदांचा मामीने रस्सा केला. वैशाखात ओढ्याची धार करंगळीएवढी व्हायची, बल्बात नुसती लाल तार दिसायची, माणसाला समोरचं ताट हाताने चाचपावं लागायचं. तरी मामा हार मानायचे नाहीत. "डोळ्याला थंड असतूय उन्हाळ्यात," म्हणायचे.

आणि मग बोर्डाचे खांब आले. सगळी वाडी आनंदली. मला स्वतःला त्यात काही वावगं वाटलं नाही. लोकांना फ्रिज हवा होता, पिठाची गिरणी हवी होती, पोरांना वैशाखातही अभ्यास होता. पण मामांना हा सरळसरळ हल्ला वाटला. एक खांब त्यांच्या घरामागच्या परड्यात यायचा होता. मामा खड्ड्याच्या जागेवर खुर्ची टाकून बसले. बोर्डाचा इंजिनीअर तरुण आणि सभ्य होता. त्याने समजूत घातली, मामांनी त्याला चहा पाजला, मशीन दाखवलं, त्याने मनापासून तारीफ केली आणि पुन्हा म्हणाला, "पण खांब इथेच येईल." मामा म्हणाले, "मग मला मधी धरूनच कॉंक्रीट वता." शेवटी तारेनेच शहाणपण केलं आणि मामांच्या परड्याला वळसा घालून पुढे गेली. त्या दिवसापासून मामा बोर्डाच्या विजेला 'उसनी लाईट' म्हणतात आणि आपल्या विजेला 'घरची'. उसन्या लाईटीत आमटी शिळी दिसते आणि माणूस आजारी दिसतो, असं त्यांचं ठाम मत आहे.

सगळ्यात मोठा घाव मात्र घरातून बसला. मामीने स्वतःच्या नावावर बोर्डाचं कनेक्शन घेतलं. "घर निम्मं माझं हाय," ती म्हणाली. "तुमचा सोपा तुमच्या मशीनवर चालू द्या, माझं सैपाकघर बोर्डावर चालंल. मिक्सर फिरत न्हाई तुमच्या लाईटीवर, नुसता कन्हतूय." मागच्या भिंतीवर मीटर लागला तेव्हापासून मामा त्या बाजूने जात नाहीत. गोठ्यात जायचं तरी पुढच्या अंगाने लांबचा वळसा घालतात. मिक्सरमधली चटणी खाणार नाही, पाट्यावरचीच खाणार, असंही त्यांनी जाहीर केलं. मामी रोज मिक्सरमध्येच चटणी करते आणि पाट्यावर नुसतं पाणी मारून ठेवते. मी जेवायला बसलो असताना मामा बोट चाटून म्हणाले, "बगा जावईबापू, पाट्याची चव! उसन्या लाईटीला हे जमंल का?" मी मामीकडे बघितलं. मामीने मला आणखी एक भाकरी वाढली, म्हणजे माझं तोंड भरलेलं राहील.

एकेक घर बोर्डाकडे गेलं, तशी मशीनची वीज वापरायला कुणी उरेना. ती सगळी टाकीकडे जायला लागली. पूर्वी पाणी कोमट व्हायला पहाट लागायची, आता भर दुपारी टाकीचं झाकण खडखडू लागलं आणि देवळामागून वाफेचे लोट निघू लागले. वाडी मामांना सोडून चालल्याचं ते लोट रोज दाखवत होते आणि मामा सोप्यात बसून त्यांच्याकडे बघत असायचे. सरपंच गमतीने म्हणाला, "मामा, आता इडल्या लावा." मामा हसले नाहीत. मग पंचायतीत विषय निघाला, की हे मशीन आता बंद करावं आणि तो पाइप नळयोजनेला वापरावा. दिवाळीनंतर ग्रामसभा ठरली. मी पाडव्याला गेलेलो, मामांनी मला ठेवून घेतलं. त्यांनी भाषणाची तयारी चालवली होती आणि ते ऐकायला हक्काचा माणूस हवा होता. गोठ्यातल्या म्हशीलाही ते पाठ झालं असेल.

सभेत मामा उभे राहिले आणि बोलले, ते बोलले. धरणाचं पाणी, डोंगराचा हक्क, घरची लाईट आणि उसनी लाईट, खांद्यावरून वाहिलेले पाइप. शेवटी आवाज चढवून म्हणाले, "उद्या तुमच्या तारंवर झाड पडंल, परवा तुमचं बटन कुणीतरी लांबनं दाबंल. माझ्या लाईटीचं बटन माझ्या हातात हाय! जवर ह्या वड्याला धार हाय, तवर मशीन थांबनार न्हाई. काय करायचं ते करा!" पण लोक पायाकडे बघत राहिले. सरपंच घसा खाकरून म्हणाला, "मामा, समदं खरं. पर तुमची लाईट आता वापरतंय कोन?" मामा खाली बसले, आणि मला ते बघवेना.

तेवढ्यात बायकांतून मामी उठली. "पाइप काडायचा न्हाई," ती म्हणाली. "लाईट बोर्डाची ऱ्हाऊ द्या, पर गरम पाणी ह्या मशीनचंच पायजे. पाणी तापवायला सरपान आणायला कोन जानार? सरपंच, तू जाशील? मागं मोळी घिऊन येताना गवा आडवा आला तवा झाडावर कोन चढलं हुतं, तू का मी? आमी चुलीवर पाणी तापवायचं बंद केलंया. परत चालू करनार न्हाई." सगळ्या बायका एकदम बोलू लागल्या. त्यांच्या पुढे पुरुषांचं काही चालेना आणि सरपंचाने हात जोडले. मशीन वाचलं. मी आनंदाने मामांकडे वळलो, तर मामा पुन्हा उभे राहिले होते. "म्हंजे मी बंब चालवतूय व्हय?" ते ओरडले. "आयुष्य घातलं मी लाईटीसाठी, आन् तुमी माझ्या मशीनचा बंब केला? न्हाई पायजे तुमची दया!" आणि तसेच तरातरा खाली गेले आणि ज्या मशीनसाठी साऱ्या गावाशी भांडले होते त्याचा व्हॉल्व्ह त्यांनी स्वतःच्या हाताने आवळून टाकला. घूं आवाज बारीक होत गेला आणि थांबला. इतकी वर्षं मी त्या वाडीत येतो, पण दिवसाढवळ्या ओढ्याचा नुसता आवाज मी त्या दिवशी प्रथम ऐकला.

संध्याकाळी वाडीभर बोर्डाचे दिवे होते. मामीचं स्वयंपाकघरही उजळलेलं होतं. फक्त सोपा अंधारात आणि अंधारात मामा. मी कंदील लावू का म्हटलं, तर म्हणाले, "नगं." जेवले नाहीत. हळूहळू वाडीतल्या हाका सुरू झाल्या. बोर्डाच्या लाईटीला कुणाच्या परवानगीची गरज नाही, तरी सवयीने त्या घराघरांतून खाली येत होत्या. "घालवतूय रंऽ!" "घालव, मी लावतूय!" लावत कुणी काही नव्हतं, नुसतं म्हणत होते. शेवटी आतून मामीचा आवाज आला, "आवं, घालवतीया!"

सोप्यातून उत्तर नाही. मी आत डोकावलो. मामी बटणावर बोट ठेवून उभी होती. ओटा आवरलेला, भांडी पालथी घातलेली. तिने पुन्हा हाक मारली, "घालवतीया हो!" पुन्हा काही नाही. मी हळूच म्हणालो, "मामी, घालवा की. मामा चिडलेत, आज नाही बोलायचे." मामी माझ्याकडे न बघता म्हणाली, "उत्तर आल्याबिगर घालवायची न्हाई. त्येनींच घातल्याली रीत हाय. मी न्हाई मोडनार." आणि ती तशीच उभी राहिली.

बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बॅटरीचा उजेड उतारावरून खाली गेला. मग बराच वेळ नुसता ओढाच ऐकू येत होता. मामीचे पाय दुखतात, तरी ती बसली नाही. आणि मग सोप्यातल्या बल्बात आधी लाल तार दिसली, मग ती पिवळी झाली, मग सगळा सोपा लख्ख झाला आणि खालच्या अंधारातून, पत्र्याच्या खोलीतून तो डोंगर हलवणारा आवाज आला, "घालऽव! मी लावतूऽय!" मामीने बटण दाबलं, पदराने डोळे पुसले आणि मला म्हणाली, "आता जेवतील. ताट वाढती."

मशीन तेव्हापासून चालू आहे. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी टॉवेल खांद्यावर टाकून टाकीवर सरपंचच आला, असं मला कळलं. त्याने टाकीला बंब म्हटलं म्हणून मामांनी त्याला गार पाण्याने आंघोळ करायला लावली, असंही कळलं. मामा आता थकलेत. बांधावरचा पाला काढायला वर चढताना मधे दोनदा बसतात आणि कुणी बघितलं तर पाइप तपासत असल्याचं दाखवतात. कधीतरी वाडीतल्या शेवटच्या हाकेला सोप्यातून उत्तर येणार नाही, हा विचार मनात येतो आणि मला तो अगदी नको होतो. मी दुष्काळी मुलखातला माणूस, पाणी आटतं हे मला कुणी शिकवायला नको. तो विचार आला, की मी साताऱ्याहून फोन लावतो आणि विचारतो, "मामा, दिव्याला पाणी आहे ना?" ते म्हणतात, "हाय की! तुमी काय समजलाय?" आवाज अजून तसाच आहे. फक्त हल्ली बोलण्याआधी ते जरा थांबतात, मशीनकडे कान देतात. मीही इकडे फोन कानाशी धरून गप्प राहतो. त्यांच्या मागून तो घूं आवाज ऐकू आला, की मग मी आमच्या घरातला दिवा घालवतो.